नीळ कुठे ओतली

गुरुवारी सकाळी आमच्या घरी नीळ ओतली. ओतणाऱ्या सुनंदावहिनी होत्या. कुठे ओतायची ते मी सांगितलं. आई चुलीपाशी होती, आबा गोठ्यात होते. विहिरीवर आळीतली दोन माणसं बसली होती. संध्याकाळी त्यांनी येऊन सांगितलं, की फडकं पांढरंच आहे.

एवढ्या ओळी लिहायला मी आबांच्या जाण्यापर्यंत थांबले. माझे वडील गेल्या मार्गशीर्षात गेले. शेवटची काही वर्षं ते शेजारच्या खोलीत खाटेवर असत आणि चष्मा लावून हाती येईल ते वाचत, किराण्याच्या पुडीचा कागदसुद्धा. हे त्यांच्या हाती लागलं असतं तर ते काही बोलले नसते, आणि त्या न बोलण्याचीच मला भीती होती. आता या घरात वाचणारं दुसरं कोणी नाही. म्हणून सावकाश लिहिते आहे. मध्ये दोन-दोन दिवस वही उघडतही नाही.

आमची आळी पुण्याबाहेर, माणच्या ओढ्याकडे उतरणाऱ्या उतारावर आहे. तेव्हा चौदा घरं होती. खाली भातखाचरं, त्यापलीकडे उंचावर माळ, आणि माळावर कंपन्यांच्या पहिल्या इमारती उभ्या राहत होत्या. रोज दुपारी तिकडे सुरुंग लागायचे. आधी शिट्टी, मग क्षणभर काहीच नाही, मग जमिनीतून वर येणारा दणका. आमच्या खोल्यांवरचे पत्रे थरथरायचे आणि आई, हातात काही असो नसो, दुधाच्या पातेल्यावर झाकण दाबून उभी राहायची. आबांनी जमिनीचा एक तुकडा विकून घरामागे चार खोल्या बांधल्या होत्या. आळीत जवळजवळ सगळ्यांनीच तसं केलं होतं. भात लावायचा सोडून माणसं लावायला लागलो, असं आई म्हणायची, पण खोल्या भरलेल्या असल्या की तिला बरं वाटायचं. सकाळी पाच-सहा स्टोव्ह एकदम पेटायचे आणि आमच्या तांदळाच्या भाकरीच्या वासात कुठून तरी तडका, कुठून तरी खरपूस शेंगदाणे मिसळायचे.

शेंगदाण्याचा वास सुनंदावहिनींकडचा. त्या आणि त्यांचे यजमान सोपानभाऊ परभणीकडचे. सोपानभाऊ एका कंपनीच्या फाटकावर वॉचमन होते. वहिनी माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी मोठ्या असतील. गावाहून येताना त्यांनी ज्वारीचं पोतं आणलं होतं. त्यांची ज्वारीची भाकरी आमच्याकडे यायची, आमचा आंबेमोहोराचा भात त्यांच्याकडे जायचा. मी पुण्याला कॉलेजात जात होते आणि दुपारी परत आले की ग्रंथालयातून आणलेली कादंबरी घेऊन त्यांच्या उंबऱ्यावर बसायची. त्या ज्वारी निवडायच्या, मी वाचायची. वाचता येत असून त्या माझ्याकडूनच ऐकायच्या. मी मनातल्या मनात पुढे गेले की लगेच पकडायच्या. "ताई, तुमी एकट्याच कुटं चाललात? आमाला बी घ्या की संगं." त्यांना पाचवा महिना होता.

आळीची विहीर एकच. तिच्यावर मोटर होती, पाणी वरच्या टाकीत जायचं आणि सकाळी दोन तास नळांना यायचं. हे सगळं आळीचं आळीनंच उभं केलेलं होतं. पावसाळा संपता संपता दत्ताकाकांच्या चिंगीला कावीळ झाली. दत्ताकाका आमचे भाऊबंद, समोरच राहायचे. चिंगी नऊ वर्षांची. तिच्या गळ्यात काविळीची माळ बांधली. ती माळ रोज थोडी लांब होऊन खाली उतरते आणि तसा आजार उतरतो, असं म्हणतात. चिंगी दारात बसून ती माळ बोटांनी मोजायची, बेंबीपर्यंत किती राहिली ते. माळ उतरली, पण चिंगी इतकी मलूल झाली की तिला इस्पितळात न्यावं लागलं. मग तिच्या आजीला झाली, मग खालच्या अंगाच्या घरातल्या दोन भाडेकऱ्यांना. लोक एकमेकांचे डोळे बघून बोलायला लागले, पिवळे आहेत का ते.

आळीत मंडळ उभं राहिलं ते शेवंताकाकूंमुळे. काकूंची पिठाची गिरणी होती. बोलावून कोणी बैठकीला येत नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण दळणाला सगळे येतात. भाडेकरू येतात, घरमालक येतात, ज्यांचं आपसात बोलणं नाही तेही डबा घेऊन एका बाकावर बसतात. काकूंनी गिरणीच्या भिंतीला एक वही दोरीनं बांधली आणि मला तिथं बसवलं. माझं अक्षर चांगलं होतं, एवढीच माझी पात्रता. त्या मला चिटणीसबाई म्हणायच्या.

"दळण व्हईस्तवर काय नुसतं तोंड बघत बसनार?" त्या पट्ट्याच्या आवाजावरून ओरडायच्या. "चिटणीसबाई, लिवा. पान्याचं काय करायचं, ह्यो काय म्हनतोय ते लिवा."

"मी काय म्हननार, काकू?"

"मंग तसं लिवा. दत्तू काय म्हननार न्हाई. खाली सही घ्या."

हसता हसता दत्ताकाका बोलायला लागायचे. असं करत सगळी आळी त्या वहीत आली. पहिला तंटा झाला तो भाडेकऱ्यांवरून. आज हितं, उद्या तितं, त्यांना कशाला मंडळात घ्यायचं, असं काही घरमालक म्हणाले. काकूंनी सरळ गिरणी थांबवली.

"पानी कोन पितं? सही करायची येळ आली की ते परके, व्हय? मंग त्यांच्या पोटात जातं ते पानी बी परकं हाय का?"

भाडेकरूंची नावं वहीत आली. तिसऱ्या खोलीपुढे सुनंदावहिनींनी आपली सही केली, आणि ती कशी दिसते ते लांब धरून बघितलं.

दवाखान्यातल्या सिस्टर आळीत आल्या होत्या. पाणी उकळून प्या, म्हणाल्या, आणि विहिरीत कुठून घाण झिरपते आहे ते शोधा. रंग ओतून शोधतात, असंही त्यांनी सांगितलं. कसला रंग, कुठून आणायचा, यावर गिरणीत खूप बोलणं झालं. शेवटी काकू म्हणाल्या, "नीळ हाय की." कपड्यांची नीळ. विहिरीच्या ओढ्याकडच्या अंगाला दगडांतून एक पाझर होता. त्याच्या तोंडाशी पांढरं फडकं बांधायचं. रोज एका घराच्या संडासात दोन बादल्या घट्ट नीळ आणि वर भरपूर पाणी ओतायचं. दोघांनी दिवसभर विहिरीवर बसायचं. ज्याच्या दिवशी फडकं निळं होईल, त्याची टाकी गळते. आणि नियम असा, की आपल्या घरची नीळ आपण ओतायची नाही. दुसऱ्या घरातल्या किंवा भाड्याच्या खोलीतल्या माणसानं ओतायची. हा नियम वहीत मीच लिहिला. लिहिताना माझा हात थांबला होता, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

कारण मला एक माहीत होतं. खोल्या बांधल्या तेव्हा मागच्या संडासाची टाकी खणताना चार फुटांवर कातळ लागला होता. मी गवंड्यांना चहा घेऊन गेले होते. मिस्त्री आबांना म्हणाला होता, सुरुंग लावावा लागेल, नाहीतर टाकी उथळ राहील. आबा म्हणाले, राहू दे. टाकी उथळच राहिली, आणि भरून वाहू नये म्हणून तिला एक पाइप जोडला. तो मातीखालून ओढ्याच्या जुन्या पाटाकडे गेला. तो पाट विहिरीच्या अंगानं जातो. त्या दिवशी मला यात काही वावगं दिसलं नव्हतं. मी रिकामे कप गोळा करून घरी आले होते.

आता गिरणीत बसून दुसऱ्यांची नावं लिहिताना ते सगळं मला एकामागून एक दिसायला लागलं. घरात टाक्या दोन होत्या. पुढच्या अंगणात आमची जुनी, खोल. मागे खोल्यांची. रोज एका घराची पाळी व्हायची आणि फडकं पांढरं राहायचं. इतरांना रोज हायसं वाटायचं. मला रोज थोडी जास्त भीती वाटायची, कारण यादीतलं एकेक घर कमी होत होतं आणि उरलेल्यांत आमचं होतं. एका संध्याकाळी चिंगीला पाठीवर घेऊन दत्ताकाका विहिरीकडे बघत उभे होते. मला म्हणाले, "ज्याची निघंल ना, त्याला त्याच्याच टाकीत उभा करीन." चिंगी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून माझ्याकडे बघत होती. मी हसले. का हसले ते मला आजही सांगता येत नाही.

बसमधून कॉलेजला जाताना चांदणी चौकाचा चढ आला की दत्ताकाकांचं ते वाक्य आठवायचं. मला लोकांनी आबांना धरलेलं दिसायचं. आबा अंगानं किरकोळ, कोणाशी आवाज चढवून न बोलणारे. त्यांची टोपी खाली पडलेली दिसायची. घरी जेवताना आबा सुकटीचं कालवण भाकरीला लावून तसेच धरून ठेवायचे, आई म्हणायची, खा की, मग खायचे. त्यांना आठवतं आहे का, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं, आणि विचारलं तर उत्तर मिळेल या भीतीनं मी विचारत नव्हते.

आमच्या पाळीला ओतणारं माणूस म्हणून सुनंदावहिनींचं नाव आलं. त्या दिवशी मी कॉलेजला गेले नाही. सकाळी त्या दोन बादल्या घेऊन आल्या. नीळ इतकी घट्ट होती की काळी दिसत होती. त्यांच्या हातांना कोपरापर्यंत निळे डाग होते.

"ताई, मागंच ओतायचं ना? आमच्या संडासात?"

मी म्हणाले, "पुढं ओता. टाकी एकच आहे."

"एकच हाय?"

"एकच. दोन्हीकडचं एकाच टाकीत जातं."

"मंग बरंय," त्या म्हणाल्या. "तेवढंच कमी वाकावं लागतंय. आता वाकणं हुईना मला."

त्यांनी पुढच्या संडासात नीळ ओतली. मी वरून पाणी ओतलं, पाच बादल्या, सहा बादल्या, जणू जास्त पाणी ओतलं की जास्त खरं होणार होतं. वळले तेव्हा गोठ्याच्या दारात आबा दिसले. हातात बैलाचं दावं होतं. ते आमच्याकडेच बघत होते. त्यांना दोन्ही टाक्या ठाऊक होत्या, त्यांनीच बांधल्या होत्या. मला वाटलं, आता बोलतील. ते वळले आणि आत गेले.

फडकं पांढरं राहिलं. उरलेल्या घरांचीही पाळी झाली, आणि शेवटच्या दिवशीही ते पांढरंच होतं. वहीत चौदा घरांपुढे मी चौदा वेळा 'स्वच्छ' असं लिहिलं. काकूंनी गिरणीत पेढे वाटले. मंडळानं ठरवलं, की घाण वरून येते आहे, माळावर बांधकामाच्या मजुरांच्या झोपड्या आहेत तिथून. आळी मिळून तिकडे गेली, वाद झाला, आणि त्या लोकांनी आपले संडासाचे तट्ट्याचे आडोसे उचलून लांब नेले. मीही त्या घोळक्यात होते. एक म्हातारी मजूरबाई माझ्याकडे बघून हिंदीत म्हणाली, तू तर शिकलेली दिसतेस. मी मान खाली घातली. त्यानंतर आळीनं पाणी उकळणं सोडून दिलं. आपली विहीर स्वच्छ निघाली, असं सगळे अभिमानानं सांगायचे. आमच्या घरी मात्र मी उकळत होते. वहिनींनाही मी म्हणायची, उकळा, उकळा. त्या म्हणायच्या, "तुमीच वहीत लिहिलंय की, स्वच्छ हाय म्हणून. रॉकेल कुटं मिळतंय एवढं?"

खरं सांगायची जागा तिथंच होती. त्या उंबऱ्यावर, तेव्हा. मी पुस्तक उघडलं आणि वाचायला लागले.

दिवाळीनंतर वहिनींना अन्न नकोसं झालं. आम्हाला वाटलं, दिवस आहेत म्हणून. मग एका सकाळी त्या नळावर आल्या तेव्हा आईनं त्यांची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे फिरवलं आणि लगेच सोपानभाऊंना कंपनीत निरोप धाडला. उसाचा रस दिला, फुटाणे दिले, माळ बांधली. सिस्टर आल्या आणि म्हणाल्या, माळ राहू द्या, गाडी बोलवा. पोटुशा बाईला ही कावीळ सोसत नाही. पुण्याच्या इस्पितळात त्या सहा दिवस होत्या. मी दोनदा गेले. दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं नाही. त्या गेल्या. पोटातलं बाळही गेलं. सोपानभाऊ त्यांना घेऊन परभणीला गेले. त्यांच्या खोलीला कुलूप होतं आणि दारात ज्वारी निवडायचं सूप तसंच उभं करून ठेवलेलं होतं.

चौथ्या दिवशी मी दळणाचा डबा घेऊन गिरणीत गेले. बाकावर सात-आठ माणसं होती, दत्ताकाकाही होते. गिरणी चालू होती. मी काकूंच्या कानाशी गेले आणि सांगितलं. आवाजात त्यांना ऐकू गेलं नाही.

"काय?"

मी परत सांगितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि बटण बंद केलं. पट्टा हळूहळू थांबला. पीठ पडायचं बंद झालं. इतकं शांत झालं की बाहेर कोंबड्या माती उकरताना ऐकू येत होत्या. मला वाटलं होतं, मी त्यांना एकट्यांनाच सांगीन आणि पुढचं त्या बघतील.

"आता सांग," काकू म्हणाल्या. "सगळ्यांला ऐकू जाऊ दे."

मी भिंतीवरची ती वही धरून उभी राहिले. "आमच्या टाक्या दोन आहेत. मी वहिनींना खोटं सांगितलं. मागच्या टाकीत नीळ ओतलीच नाही."

दत्ताकाका उठले. मला वाटलं, आता ते आमच्या घराकडे धावतील. ते डबा न घेताच बाहेर गेले आणि ओट्यावर खाली बसले. काकूंनी पदरानं तोंडावरचं पीठ पुसलं. एवढंच म्हणाल्या, "चल, नीळ भिजव."

या वेळी काकूंनी स्वतः ओतली, मागच्या संडासात. सगळी आळी विहिरीच्या काठाला उभी होती. दुपारचे सुरुंग झाले, तरी कोणी जेवायला गेलं नाही. आबाही तिथंच उभे होते, टोपी हातात घेऊन, जरा बाजूला. ऊन उतरताना फडक्याच्या एका कोपऱ्याला रंग दिसला. मग तो वर चढत गेला. मी आबांकडे बघितलं नाही. कोणीतरी मागून एक दगड आमच्या घराच्या दिशेनं फेकला, तो पत्र्यावर वाजला, आणि काकू वळून म्हणाल्या, "दगूड मारून पानी गोड व्हनार हाय का? पहारी आना." त्या संध्याकाळपासून चार दिवस आबा आणि आळीतले सहा जण मिळून तो पाइप उकरत होते. आबांना कोणी हात लावला नाही. त्यांच्याशी कोणी बोललंही नाही. पाणी मागितलं तर तांब्या जमिनीवर ठेवायचे.

पाइप निघाला त्या दिवशी आबा ओसरीवर हातपाय धुवायला बसले. मी पाणी घालत होते.

"तू सांगितलंस ते बरं केलंस," ते म्हणाले. "मला जमलं न्हाई."

"तुम्ही त्या दिवशी बघत होता."

"व्हय."

"मग थांबवलं का नाही?"

त्यांनी तळपायाची माती नखानं काढली. "मला वाटलं, माझी पोर माझ्यासाठी करतीया," ते म्हणाले. "बरं वाटलं मला. तेवढ्यात राहून गेलं."

हे वाक्य माझ्या वडिलांनी मला सांगितलेलं सर्वांत खरं वाक्य आहे. त्यानंतर आम्ही दोघं एका घरात इतकी वर्षं राहिलो, मी ग्रंथालयात नोकरी केली, आई गेली, त्यांची सेवा केली, पण त्या दिवसाविषयी पुन्हा बोललो नाही. भीती मात्र गेली नाही. लोकांची नव्हे. कोणी विश्वासानं काही विचारलं, इथंच का, असं साधं विचारलं, की अजून माझं तोंड कोरडं पडतं.

मंडळ अजून आहे. आता चौदा घरांच्या जागी उंच इमारती आहेत आणि सभा बावधनच्या बाजूच्या एका हॉलमध्ये भरते. मी जाते, मागे बसते, पाण्याचा विषय निघाला की एकच सांगते, भाडेकरूंना आधी विचारा. विहीर बुजवली आहे. चिंगी नागपूरला दिली, तिला दोन मुलं आहेत. दत्ताकाका आबांना खांदा द्यायला आले होते.

सोपानभाऊ परत आले नाहीत. सामान न्यायला त्यांचा भाऊ आला होता. त्या वेळी आळीतल्या कोणी त्याला निळीचं काही सांगितलं नाही, आणि मीही नाही. सोपानभाऊंना ते अजून माहीत नाही.